गजूची माय दाखव

अन्याय झाला तो गजूच्या मायवर. कधी झाला तेही सांगते: दसऱ्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी, पांढरकवड्याच्या आमच्या खोलीत, नव्या सर्व्हरच्या पडद्यावर 'यशस्वी' हा शब्द उमटला त्या क्षणी. सरकारनं तिच्यावर आधी एकदा अन्याय केलाच होता. पण हा दुसरा सरकारनं केला नाही. आम्ही केला. ज्यांच्या प्रत्येक पत्रकाखाली 'पीडितांच्या पाठीशी ठाम' असं छापलेलं असायचं, त्या आमच्या संघटनेनं.

हा अन्याय दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ पाहू शकला नाही. तो टिकला नाही याचं श्रेय मास्तरांचं आहे, म्हणून मास्तरांबद्दल लिहिते आहे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. तारमास्तर. उभी नोकरी त्यांनी कट्ट-कडकट्ट करण्यात घालवली, निवृत्त झाले, आणि घराची पुढची खोली संघटनेला वापरायला देऊन तिच्यातल्या कंप्यूटरचे आपणहून मालक झाले. खोली त्यांची, कंप्यूटर संघटनेचा. पण हे वाक्य त्यांच्या तोंडावर म्हणायची आमच्या सचिवांचीही छाती नव्हती. उन्हाळ्यात कूलर एकच, त्याचं तोंड कंप्यूटरकडे. आमच्याकडे पाठ. घाम पुसत मी एकदा तो वळवायला गेले तर म्हणाले, "तू बंद पडली तं पानी मारून उठवता येते. हा नाई उठत."

शब्द त्यांना महाग वाटत. तारेत शब्दाशब्दाला पैसे पडायचे, ती सवय जिभेला लागलेली. माझं पहिलं पत्रक त्यांनी हातात घेतलं आणि 'जाहीर तीव्र निषेध' यातला 'जाहीर' खोडला.

"निषेध काय लपून करते का कोनी?"

"बरं. 'तीव्र' तरी राहू द्या."

"तीव्र हाय का नाई ते वाचनाऱ्याले समजते. तू नको सांगू."

पत्रक निम्मं झालं. मी चिडून म्हणाले, हे पत्रक आहे मास्तर, तार नाही. ते म्हणाले, "तार आली का अख्खं घर वाचे. पत्रकात भजे बांधतेत."

राग आला की बोलत नसत, टेबलावर बोटानं ठोकत. छोटं, लांब, छोटं, छोटं. आम्हाला कुणालाच ते कळायचं नाही. राळेगावहून त्यांची थोरली बहीण आली होती तेव्हा मी विचारलं, आत्या, हे काय चाललेलं असतं? त्यांनी कान देऊन जरा ऐकलं आणि शांतपणे म्हणाल्या, "शिव्या देऊन राह्यला. नोकरीले लागला तवा मलेच शिकवलं त्यानं हे. माह्यावरच प्रॅक्टिस."

घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब होते, आणि त्यांच्या खाली एका फळीवर तार ऑफिसातलं भंगारात निघालेलं यंत्र. मास्तरांचा सगळा आचारधर्म त्या फळीवरून आलेला. महत्त्वाची तार असली, मयताची किंवा आकड्यांची, तर पलीकडच्या गावचा मास्तर ती ऐकून झाल्यावर तेच शब्द परत ठोकून पाठवायचा. इकडच्यानं ताडून पाहायचं. "पाठवली म्हंजे पोचली नाई," मास्तर म्हणत. "पल्याडून परत ऐकू आली, मंग पोचली." हे त्यांनी आमच्या सचिवांना, पोस्टमनला, एकदा तर गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही ऐकवलं होतं. आणि कंप्यूटरच्या बॅकअपला तर ते दुसरा नियमच लावत नसत.

दर शनिवारी ते साऱ्या नोंदींची एक डिस्क बनवत, पाकिटात घालत आणि राळेगावच्या एसटीत ओळखीच्या कंडक्टरकडे देत. एक घर जळलं तर दुसरं असावं, हे कारण. संध्याकाळी बहिणीला फोन: "पोचली का? वाच." आत्या डिस्कवरची तारीख वाचून दाखवत. "उघडते का?" त्याचंही उत्तर द्यावं लागे. आम्ही यावर फार हसायचो. सचिव म्हणायचे, मास्तरांचा बॅकअप तिकीट काढून जातो.

पोळ्याला तर विचारू नका. आदल्या संध्याकाळी गावोगाव बैलांचे खांदे तूपहळद लावून शेकतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवायले या' म्हणून त्यांना बोलावणं करतात. मास्तर त्या संध्याकाळी कंप्यूटर बंद करून कोरड्या फडक्यानं पुसत. दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी. नवी नोंद नाही, छपाई नाही. त्या दिवशी काम एकच: कोपऱ्यातल्या जुनाट कंप्यूटरवर राळेगावहून परत मागवलेली डिस्क पहिल्यापासून उभी करायची, आणि तिच्यातून माणसं जशीच्या तशी बाहेर येतात का पाहायची, मग तो कंप्यूटर पुन्हा कोरा करायचा.

"मास्तर, तुम्ही कधीपासून पोळा करायला लागले?" मी खवचटपणे विचारलं होतं.

या एका विषयावर ते शब्दांची काटकसर विसरले. "माहा बाप सालदार. बैल मालकाचे, पोळा मालकाचा. पन खांदा शेकताना हात माह्या बापाचा. वरून बैल कसा, धडधाकट. बाप केसातून बोटं फिरवे, तवा जखम लागे. मालकाले सांगे, याले जुपू नका. मालक म्हने, मले तं काई दिसत नाई. बाप म्हने, दिसत नाई मालक, लागते." आणि मग, "बापानं धर्म बदलला, पूजा सोडली. खांदा पाह्यनं नाई सोडलं."

आता गजूच्या मायकडे येते.

त्या वर्षी कापसाच्या बोंडात अळी होती आणि भावात दम नव्हता. अळी मरेना म्हणून फवारणीवर फवारणी, एका औषधात दुसरं औषध. दुसऱ्याच्या शेतात रोजानं फवारणारे गडी चक्कर येऊन पडू लागले, कुणाला दिसेनासं झालं, कुणाला श्वास घेता येईना. आम्ही गावोगाव हिंडून एकेकाची नोंद करू लागलो: नाव, आडनाव, गाव, कुणाचं शेत, काय झालं. पहिल्याच बैठकीत मास्तर कोपऱ्यातून म्हणाले, "पानी कोनं आनलं?"

सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले.

"पंप गड्याच्या पाठीवर. कबूल. त्यात पानी कोनं भरलं? औषध कोनं घोटलं?"

बायांनी. विहिरीवरून, नाल्यावरून बायाच पाणी वाहतात, ड्रममध्ये औषध ओतून काडीनं घोटतात, काडी नसली तर हातानं. सरकारी यादीत फवारणारा म्हणजे ज्याच्या पाठीवर पंप तो. बाई त्यात बसत नाही. नाव नाही म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून उपचार नाही. मी त्यावर पत्रक काढलं, 'पाणी कोणी आणलं?' या मथळ्याचं. त्यातला एकही शब्द मास्तरांनी कापला नाही.

गजूची माय पांढरकवड्याजवळच्या एका पोडातली. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती. हंगामभर तिनं औषध घोटलं, हाताची कातडी सोलून निघाली, आणि मग डोळ्यांपुढे धुकं आलं ते हटेना. चुलीतला जाळ तिला दोन ठिकाणी दिसायचा. आम्ही आरडाओरडा केला तेव्हा कुठे यवतमाळला सुनावणी लागली, आणि एक गोष्ट पदरात पडली: संघटना जी यादी देईल तिच्यातल्या बायांना त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर तपासतील. यादीत नाव असेल तर. नसेल तर नाही.

सुनावणीच्या तोंडावर नवा सर्व्हर आला. जुना कंप्यूटर दमला होता, आणि सगळ्या तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांना एकाच वेळी नोंदी भरायच्या होत्या. एका हितचिंतकानं यंत्र दिलं, ते बसवायला नागपूरहून प्रणय नावाचा तरुण आला. भला मुलगा, हात चलाख. मास्तर त्या दिवशी वणीला एका मयतीला गेले होते. जाताना म्हणाले होते, "मी आल्याबिगर जुन्याले हात लावू नका." प्रणयनं जुन्यातला सगळा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला, नव्यात चढवला, पडद्यावर 'यशस्वी' आलं. सचिव खूश. जुना कंप्यूटर त्यांनी ढाणकीच्या एका शाळेला कबूल केला होता आणि शाळेची गाडी दारात उभी होती. "सगळं आलं ना? मग पुसून टाक," सचिव म्हणाले. प्रणयनं फॉरमॅट मारला. पेनड्राइव्हही रिकामा करून त्यावर शाळेसाठी पाढ्यांचे व्हिडिओ भरून दिले. खोलीत ठेवलेला दुसरा बॅकअप त्याच जुन्या कंप्यूटरमध्ये होता. गाडी गेली. पेढे आले.

मास्तर परतले ते थेट खुर्चीत बसले. पेढा हातात तसाच.

"गजूची माय दाखव."

प्रणय म्हणाला, "सर, काही टेन्शन नाही, पूर्ण सक्सेसफुल झालं आहे. हे पाहा, किती नोंदी आल्या."

"आकडा कायले दाखवतं बाप्पा? बाई दाखव."

त्यानं शोधलं. नाही. मास्तरांनी 'वासुदेवची माय' म्हटलं. नाही. 'सोनूची मामी'. नाही. फवारणारे गडी सगळे होते, नाव-आडनावासकट. बाया नव्हत्या. एकही नाही.

झालं होतं ते असं. ड्रमपाशी उभ्या बाईला नाव विचारलं तर ती सांगते 'गजूची माय'. गावात तेच तिचं नाव. आमच्या पोरांनी तेच लिहिलं आणि आडनावाची जागा रिकामी सोडली. प्रणयनं नव्या सर्व्हरला नियम घालून दिला होता: आडनाव रिकामं चालणार नाही, नियमात न बसणारी नोंद सोडून पुढे जा. सर्व्हरनं आज्ञा पाळली. एकेक माय बाजूला टाकत शेवटपर्यंत गेला आणि खाली लिहिलं, यशस्वी.

कोणासाठी यशस्वी? मी विचारते! सरकारच्या यादीत बाई बसत नव्हती म्हणून आम्ही रस्त्यावर उतरलो, आणि आमच्या स्वतःच्या यंत्रात ती बसेना. मी तिथल्या तिथे कागद ओढला आणि लिहायला घेतलं: नव्या सर्व्हरचा जाहीर निषेध.

मास्तरांनी कागद काढून घेतला. "सर्व्हरले वाचता येते का?"

सचिव घाम पुसत होते. प्रणय सारखा म्हणत होता, सर, मी शाळेत जाऊन पाहू का, काही निघतं का. मास्तर टेबलावर ठोकू लागले. या खेपेला भाषांतराची गरज नव्हती. बराच वेळ ठोकल्यावर थांबले आणि मला म्हणाले, "राळेगाव. सकाळची पहिली गाडी."

राळेगावला मी उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. आत्यांचं घर माहीत होतं. मागच्या परसात त्यांनी थोडी ज्वारी लावलेली, कणसं भरलेली. मी आवाज देत मागे गेले आणि तिथेच खिळले.

ज्वारीवर दोऱ्या ताणल्या होत्या, आणि दोऱ्यांना डिस्का टांगल्या होत्या. वाऱ्यावर फिरत होत्या, उन्हात चमकत होत्या. प्रत्येकीवर मास्तरांच्या बारीक अक्षरात तारीख. एकेक शनिवार गरगरत होता आणि पोपट लांब बाभळीवर बसून ओरडत होते.

माझ्या तोंडून काय आवाज निघाला ठाऊक नाही. आत्या हातातला विळा घेऊनच धावल्या.

"काहून वं? काय चावलं?"

"आत्या, या डिस्का…"

"त्या? राघूइसाठी हायेत. भारी काम करतेत. एक दाना खाऊ देत नाईत."

"अहो यात बाया होत्या!"

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डिस्कांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि हसत सुटल्या. कंबरेला हात लावून हसल्या. "अवं येडी, त्या जुन्या! नवी आली का जुनी बाहेर, तुह्या मास्तरचाच हुकूम हाय. पन नवी पहिले चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडं घालून पाह्यतो आम्ही. उघडली, त्यात लोकाइचे नावं दिसले, का मंग जुनी राघूइले. चाल."

लोखंडी पेटीत, लुगड्याच्या घडीत, गेल्या शनिवारची डिस्क होती. मी ती छातीशी धरली आणि थेट स्टँडकडे निघाले, तेवढ्यात आत्यांच्या फोनवर मास्तर.

"भेटली?"

"भेटली मास्तर! निघते."

"थांब. जगात तेवढी एकच हाय सध्या. एकुलतं एक लेकरू रस्त्यावर धाडत नाई कोनी. झेरॉक्सवाल्याकडून प्रत काढ. प्रत तू आन. ही पेटीत ठेव."

गाडी चुकली. मी मनातल्या मनात जे ठोकलं ते मास्तरांना ऐकू गेलं नाही हे बरं. तोवर आत्यांनी भाकर आणि ठेचा पुढ्यात ठेवला. प्रत आल्यावरही जेवल्याशिवाय सोडलं नाही.

दुपारी प्रणयनं नव्या सर्व्हरमधलं सगळं बाजूला ठेवून एक कोरी जागा केली, आडनावाची अट काढली आणि डिस्क चढवायला घेतली. या वेळी तो प्रत्येक गोष्ट करण्याआधी मास्तरांना सांगत होता आणि मास्तर ती परत म्हणून दाखवत होते. मला वाटलं दोघं कंटाळतील. नाही कंटाळले. उलट मध्येच प्रणय म्हणाला, "सर, आपण नियम असा ठेवू का, की एक जरी नोंद बसली नाही तर सगळं थांबेल आणि ओरडेल?" मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं आणि हातातला पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. त्यांच्या घरी यापेक्षा मोठा सत्कार मी पाहिलेला नाही.

पुन्हा 'यशस्वी' आलं. मास्तरांनी तिकडे पाहिलंही नाही.

"गजूची माय दाखव."

होती! वय अंदाजे, आडनाव रिकामं, काम पाणी आणणे व औषध घोटणे, त्रास डोळ्यांपुढे धुकं. तिच्या मागोमाग वासुदेवची माय आली, सोनूची मामी आली. सचिव खाली बसले ते भिंतीला टेकूनच. मी रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही. मास्तर उठले, कोपऱ्यात गेले आणि त्यांनी कूलरचं तोंड आमच्याकडे फिरवलं.

पण तार अजून परत ऐकू यायची होती. बाजाराच्या दिवशी बाया पांढरकवड्याला येतात. मास्तरांनी त्यांना ओट्यावर बसवलं आणि एकेकीची नोंद पडद्यावरून वाचली. जिची तिनं ऐकायची, बरोबर असेल तर होकार द्यायचा. दोघींची गावं अदलाबदल झालेली निघाली; ती चूक आमची, पहिल्या दिवसापासूनची. गजूच्या मायचा नंबर आला. तिनं डोळे बारीक करून मास्तरांच्या आवाजाच्या दिशेनं पाहिलं, सगळं ऐकलं आणि म्हणाली, "हाव."

मला राहवेना. मी म्हणाले, "मावशी, तुमचं स्वतःचं नाव सांगा ना. तेच लिहू. नुसतं कोणाची माय कशाला?"

"बेबी."

"मग बेबी लिहू या."

"कायले?" ती फटकन म्हणाली. "तिथी साहेब बेबी म्हनून हाक मारन, अन् मी इकडंतिकडं पाहात बसीन. बेबी म्हनलं तं गजू बी ओळखनार नाई मले. गजूची मायच राहू दे."

ओट्यावर हशा उसळला. मास्तर तो हशा ओसरेपर्यंत थांबले, मग मला म्हणाले, "ऐकू आलं?"

यवतमाळला सुनावणीत कारकुनानं यादी वाचताना 'गजूची माय' म्हटलं, जरा अडखळला, वर पाहिलं. ती तोवर उभी राहिलेली होती. डॉक्टरांनी तपासलं, औषध सुरू झालं. सगळ्या बायांचं भलं झालं असं मी म्हणणार नाही. सरकारी कागदावर पाणी आणणारीसाठी आजही चौकट नाही, आणि ती होईस्तोवर मी गप्प बसणार नाही. पण गेल्या संक्रांतीला मी पोडात गेले तेव्हा गजूची माय दारात बसून गोधडी शिवत होती. सुईत दोरा तिनं स्वतः ओवला. एका झटक्यात.

मास्तर आता राळेगावला बहिणीकडे राहतात. संघटनेशी त्यांचं एका पासवर्डवरून वाजलं, ती वेगळी गोष्ट. हे लिहून झाल्यावर मी फोनवर त्यांना सगळं वाचून दाखवलं. मागे पोपट ओरडत होते. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "लांब हाय. पोचली."

आता तुम्ही. तुमच्या शाळेत, दवाखान्यात, सोसायटीत, संघटनेत कोणीतरी छातीठोकपणे 'बॅकअप आहे' म्हणत असेल. त्याचं ऐकून घेऊ नका. तो दुसऱ्या यंत्रावर उभा करायला लावा, पुढच्या पोळ्याची वाट न पाहता, याच आठवड्यात. आकडा दाखवू लागला तर आकडा पाहू नका. तुमच्या माहितीतलं सगळ्यात अडनिडं माणूस घ्या, जे कुठल्याच रकान्यात धड बसत नाही, आणि म्हणा, हिला दाखव. दिसली तर तिला फोन लावा, तिचं तिला वाचून दाखवा. आणि ती 'हाव' म्हणेपर्यंत जुन्या यंत्राला कोणाला बोट लावू देऊ नका.